ऑपरेशनच्या आधी लोहाची सलाईन: चार आठवड्यांचा हिशेब

गर्भाशयात गाठी आहेत, दर महिन्याला अंगावरून खूप जातं, शेवटी पिशवी काढायचं ठरलंय. ऑपरेशन सोमवारी. शुक्रवारी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8. मग धावपळ. भूलतज्ज्ञ फिटनेस द्यायला तयार नाहीत, सर्जन म्हणतात दोन बाटल्या रक्त चढवू, मुलगा ब्लड बँकेच्या दारात उभा. आणि जिचं ऑपरेशन आहे ती म्हणते, "मला काही होत नाही रे, जिना चढताना जरा दम लागतो एवढंच."

माझ्या मावशीच्या बाबतीत अगदी हेच झालं. तेव्हा तिची फाईल चाळताना सहा महिन्यांपूर्वीचा एक रिपोर्ट सापडला. त्यात हिमोग्लोबिन 9 होतं. आकड्याभोवती कुणीतरी पेनानं गोल केला होता. पुढे काहीच नव्हतं. ना गोळी, ना दुसरी तपासणी. त्या सहा महिन्यांत जे सहज करता आलं असतं, ते नेमकं काय, हे समजून घ्यायला मी नंतर बराच वेळ घालवला. हा लेख त्यातूनच आलेला आहे.

आधी लोहाचा जमाखर्च बघू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात एकूण लोह असतं साधारण 3 ते 4 ग्रॅम, बायकांमध्ये त्याहून थोडं कमी. त्यातलं निम्म्याहून बरंच जास्त लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनमध्ये अडकलेलं. लाल पेशी 120 दिवस जगते, मग प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशी ती मोडून तिच्यातलं लोह काढून घेतात आणि नव्या पेशींसाठी अस्थिमज्जेकडे पाठवतात. असं रोज 20 ते 25 मिलिग्रॅम लोह घरातल्या घरात फिरत राहतं. बाहेरून, म्हणजे जेवणातून, रोज आत येतं ते फक्त 1 ते 2 मिलिग्रॅम. साधारण तेवढंच रोज झडणाऱ्या पेशींबरोबर निघून जातं. जादा लोह ठरवून बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही, आणि झपाट्यानं आत घ्यायचीही नाही. हा संसार अगदी काटकसरीचा आहे.

आता त्यात रक्तस्राव आणा. हिमोग्लोबिन 13 असताना 100 मिलिलिटर रक्तात सुमारे 45 मिलिग्रॅम लोह असतं. एका पाळीत 150 मिलिलिटर रक्त गेलं तर 65 मिलिग्रॅमहून जास्त लोह गेलं. महिन्याच्या दिवसांवर पसरलं तर रोजचा जादा खर्च 2 मिलिग्रॅमच्या वर. जमा दीड, खर्च तीन. कमतरता आली की आतडं नेहमीपेक्षा जास्त लोह ओढू लागतं हे खरं, पण त्यालाही मर्यादा आहे. अशी पाच-सात वर्षं गेली की काय होणार, हे कुठल्याही घर चालवणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

तरी हिमोग्लोबिन लगेच पडत नाही. कणगीतलं धान्य संपत आलं तरी ताटात भाकरी येतच राहते, तसं हे आहे. शरीरातली लोहाची कणगी म्हणजे फेरिटिन हे प्रथिन. आधी कणगी रिकामी होते, मग भाकरी लहान होते, म्हणजे लाल पेशी आकारानं छोट्या आणि फिकट बनू लागतात, आणि सगळ्यात शेवटी हिमोग्लोबिनचा आकडा खाली येतो. म्हणून हिमोग्लोबिन 8 दिसलं तर कणगी महिनोन् महिने आधीच खरवडून झालेली असते. मधल्या काळात शरीर खुणा देत असतं: केस गळतात, पायांना रात्री चैन पडत नाही, कच्चे तांदूळ, माती, बर्फ किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. पेन्सिल खाणाऱ्या मुलीला आपण रागावतो. खरं तर तिचं फेरिटिन तपासायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे पुरुषात 13 च्या खाली आणि गरोदर नसलेल्या स्त्रीत 12 च्या खाली हिमोग्लोबिन असलं तर तो रक्तक्षय. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रिया या व्याख्येत बसल्या, महाराष्ट्रात 54 टक्के. म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावर येणारी दर दुसरी बाई आधीच तोट्यात असते. "बायकांचं एवढं असतंच" असं म्हणून आपण ते सोडून देतो, आणि बायका स्वतःही ते अंगावर काढतात.

ऑपरेशनमध्ये त्याचं काय बिघडतं? 2011 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता. हृदयाव्यतिरिक्तच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या 2,27,425 रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. सुमारे 30 टक्के रुग्णांना आधीपासून रक्तक्षय होता, आणि त्यांच्यात पहिल्या 30 दिवसांतले मृत्यू आणि गुंतागुंती जास्त होत्या. सौम्य रक्तक्षय असणाऱ्यांतसुद्धा. इतर आजारांचा हिशेब वजा केल्यावरही फरक उरला. अर्थात यावरून रक्तक्षय सोबत असतो एवढं दिसतं, तोच कारण आहे हे सिद्ध होत नाही. हा भेद लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आजवरचा सोपा उपाय म्हणजे रक्त चढवणं. एका बाटलीनं हिमोग्लोबिन साधारण 1 नं वाढतं. जीव धोक्यात असताना याला पर्याय नाही, आणि दात्यांनी दिलेल्या रक्ताबद्दल मनात कृतज्ञताच हवी. पण दुसऱ्याचं रक्त म्हणजे एक प्रकारचं प्रत्यारोपण. ताप, ॲलर्जी, फुप्फुसात पाणी होणं, पुढच्या वेळी रक्त जुळायला अडचण येईल अशी प्रतिपिंडं तयार होणं, हे धोके त्यात असतात. शिवाय आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत शिबिरं थंडावली की ब्लड बँकांमध्ये रक्ताची टंचाई होते. ज्याला खरोखर लोहच हवंय त्याला रक्त देणं म्हणजे पीठ संपलंय म्हणून शेजाऱ्यांकडून रोज शिजलेलं जेवण मागवणं. एका बाटलीत लोह असतं 200 ते 250 मिलिग्रॅम. कणगी त्यानं भरत नाही.

मग गोळ्या? वेळ असेल तर पहिला उपाय गोळ्याच. दीड-दोन महिने हाताशी आहेत, पोटाला सोसतात, रक्तस्राव फार नाही, तर गोळ्या स्वस्त आणि चांगल्या. पण त्यांच्या वाटेत एक अडसर आहे, तो 2000 सालानंतर नीट उलगडला: हेप्सिडिन. यकृत हे संप्रेरक तयार करतं. आतड्याच्या पेशीतून रक्तात आणि भक्षक पेशीतून बाहेर लोह ज्या दारानं जातं, त्या दाराला हेप्सिडिन कडी घालतं. लोहाची मोठी गोळी घेतली की हेप्सिडिन वाढतं आणि पुढचा जवळजवळ दिवसभर दार अर्धवट बंद. म्हणून आता बरेच डॉक्टर दिवसातून दोन-तीन गोळ्यांऐवजी एकच, तीही एक दिवसाआड घ्यायला सांगतात. गोळीसोबत चहा किंवा कॅल्शियम घेतलं तर शोषण आणखी घटतं, लिंबूपाणी घेतलं तर सुधारतं. ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्याही आड येतात.

हेप्सिडिन आणखी एका वेळी वाढतं: शरीरात कुठेही दाह असेल तेव्हा. जंतुसंसर्ग, संधिवात, कर्करोग, मूत्रपिंडाचा जुना आजार. जंतूंनाही लोह लागतं, म्हणून शरीर संकटात लोह कुलपात ठेवतं. अशा माणसाच्या कणगीत धान्य असतं, पण दाराला कडी. गोळी पोटात जाते आणि तशीच शौचावाटे निघून जाते. आणि मोठं ऑपरेशन हाही शरीराच्या दृष्टीनं एक दाहच. म्हणून ऑपरेशननंतर पहिले काही दिवस-आठवडे गोळ्या फारशा लागू पडत नाहीत, नेमक्या त्याच वेळी ज्या वेळी गेलेलं रक्त भरून काढायचं असतं.

इथे शिरेतून दिलं जाणारं लोह उपयोगी पडतं. ते आतड्याच्या दारात रांग लावत नाही. मात्र सुटं लोह रक्तात सोडणं घातक आहे, म्हणून ते कर्बोदकाच्या कवचात गुंडाळलेलं असतं. सलाईनमध्ये मिसळल्यावर ते कोऱ्या चहासारखं तपकिरी दिसतं. रक्तात गेल्यावर भक्षक पेशी ते कण गिळतात, कवच फोडतात आणि लोह हळूहळू वापरात सोडतात. कवच जितकं पक्कं, तितका मोठा डोस एका वेळी देता येतो. आयर्न सुक्रोज या जुन्या आणि स्वस्त औषधाचं कवच सैल, म्हणून एका वेळी साधारण 200 मिलिग्रॅम, एक-दोन दिवसांच्या अंतरानं. फेरिक कार्बॉक्सीमाल्टोजचं कवच पक्कं, म्हणून वजन पाहून एका वेळी 1000 मिलिग्रॅमपर्यंत, 15 मिनिटांत, पण आठवड्यातून एकदाच.

मावशीचाच हिशेब करू. वजन 50 किलो, हिमोग्लोबिन 8, गाठायचंय 13. डॉक्टर वापरतात ते सूत्र असं: वजन गुणिले हिमोग्लोबिनची तूट गुणिले 2.4, अधिक साठ्यासाठी 500. म्हणजे 50 गुणिले 5 गुणिले 2.4, झाले 600. त्यात 500 मिळवले की 1100 मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोजनं पाच-सहा फेऱ्या, कार्बॉक्सीमाल्टोजनं दोन. जेवणातून हेच साठवायचं म्हटलं, तर रोज 1 मिलिग्रॅम शिल्लक पडलं तरी तीन वर्षं लागतील. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं ही समजूत मी घरात वर्षानुवर्षं ऐकली. 100 ग्रॅम बिटात लोह 1 मिलिग्रॅमसुद्धा नसतं, आणि त्यातलं शोषलं जातं थोडंसंच. अळिवाचे लाडू, पालेभाज्या, मांस-मासे हे सगळं चांगलं आहे, पुढे कणगी भरलेली राहावी म्हणून. हजार मिलिग्रॅमचा खड्डा त्यानं महिन्यात बुजत नाही.

पण सलाईन लागली आणि दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन वाढलं, असं होत नाही. रक्त चढवणं आणि लोह चढवणं यांतला हा फरक अनेक घरांत कुणी समजावूनच सांगत नाही. लोह हा कच्चा माल. अस्थिमज्जेनं तो वापरून पेशी घडवायच्या. पहिल्या आठवड्यात नव्या कोवळ्या पेशी दिसू लागतात, दोन-तीन आठवड्यांत आकडा चढायला लागतो, चार आठवड्यांच्या आसपास बरंचसं काम झालेलं असतं. दीड-दोननं वाढ झाली तर ते चांगलं यश. म्हणून ऑपरेशनची तारीख ठरते त्याच दिवशी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासायला हवं. दाखल व्हायच्या आदल्या दिवशी तपासून रक्ताच्या बाटल्यांखेरीज हातात काही उरत नाही. माझं या सगळ्या विषयात एकच ठाम म्हणणं असेल तर ते हे.

आता प्रामाणिकपणे सांगायची बाजू. हा उपाय कितपत सिद्ध झालाय? 2016 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 72 रुग्णांचा एक छोटा अभ्यास आला. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी लोह दिलेल्यांपैकी साधारण 12 टक्के रुग्णांना रक्त लागलं, न दिलेल्यांपैकी 31 टक्क्यांना. सगळ्यांना आशा वाटली. मग 2020 मध्ये ब्रिटनमधला 'प्रीव्हेंट' हा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 46 रुग्णालयं, 487 रुग्ण, ऑपरेशनच्या 10 ते 42 दिवस आधी निम्म्यांना 1000 मिलिग्रॅम लोह, निम्म्यांना नुसतं सलाईन, आणि कुणाला काय दिलं हे रुग्णाला ठाऊक नाही. लोह घेतलेल्यांचं हिमोग्लोबिन वाढलं. पण रक्त चढवावं लागण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण कमी झालं नाही. रक्तक्षय ही खूण आहे की कारण, हा वर सांगितलेला भेद इथे पुन्हा समोर येतो. या अभ्यासात एक मात्र दिसलं: ऑपरेशननंतर आठ आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनीही लोह घेतलेल्यांचं हिमोग्लोबिन वरचढ होतं, आणि पहिल्या आठ आठवड्यांत पुन्हा दाखल व्हावं लागलेले रुग्ण त्यांच्यात कमी होते.

याचा अर्थ मी असा लावते. लोहाची सलाईन हे सगळ्यांना सरसकट द्यायचं कवच नाही. 'प्रीव्हेंट'मध्ये रुग्ण निवडताना रक्तक्षय पाहिला होता, प्रत्येकात लोहाची कमतरता असलीच पाहिजे अशी अट नव्हती. ज्या बाईचं फेरिटिन 6 आहे, जिची पाळी वर्षानुवर्षं कोसळते आहे, तिला लोह देणं हा तिच्या आजारावरचाच उपचार आहे. ऑपरेशन नसतं तरी तो द्यायला हवा होता. ऑपरेशनमुळे फक्त मुदत ठरते.

म्हणूनच आधी खात्री, मग सलाईन. फेरिटिन 30 च्या खाली म्हणजे कणगी रिकामी, वाद नाही. दाह असेल तर फेरिटिन खोटंच वर दिसतं, तेव्हा 100 पर्यंतचा आकडाही संशयास्पद, आणि सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलेलं आहे, ते 20 टक्क्यांखाली आहे का हे पाहतात. ही खात्री महाराष्ट्रात तर फारच महत्त्वाची. इथे आनुवंशिक रक्तविकार आहेत. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल आहे. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत थॅलेसेमियाचे वाहक बरेच आहेत. वाहकाच्या लाल पेशी छोट्याच दिसतात, हिमोग्लोबिन 10-11 असतं, पण लोह पुरेसं असतं. त्याला "रक्त कमी आहे" म्हणून लोह चढवलं तर फायदा शून्य, आणि बाहेर टाकायची वाट शरीराकडे नाही हे वर आलंच आहे. शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरताही सर्रास असते. ती सोबत असेल तर नुसत्या लोहानं हिमोग्लोबिन अर्ध्यावरच अडतं.

दुसरा प्रश्न, लोह गेलं कुठे? पाळी येणाऱ्या बाईत उत्तर बहुधा समोर असतं. पण साठीच्या पुरुषाचं फेरिटिन कमी असेल, तर ते पोटातून, आतड्यातून झिरपतंय असं धरूनच शोध घ्यावा लागतो. मूळव्याध समजून वर्षभर काढलेलं दुखणं मोठ्या आतड्याचा कर्करोग निघू शकतं. आणि असा कर्करोग असेल तर नुसत्या हिमोग्लोबिनसाठी ऑपरेशन लांबवायचं नसतं, मिळेल त्या दिवसांत लोह द्यायचं. गर्भाशयाच्या गाठी, गुडघा बदलणं, हर्निया यांना महिनाभर थांबता येतं. त्या महिन्यात रक्तस्राव आवरायची औषधंही सुरू करावी लागतात. नळ गळत ठेवून टाकी भरण्यात अर्थ नाही.

सलाईनची भीती बऱ्याच घरांत असते, आणि ती अगदीच निराधार नाही. पूर्वीच्या एका प्रकारच्या आयर्न डेक्स्ट्रॅनमुळे तीव्र ॲलर्जीच्या घटना घडत, त्याची आठवण अजून आहे. आजच्या औषधांत जीवघेणी प्रतिक्रिया फार क्वचित होते, तरी ती होऊ शकते म्हणूनच हे इंजेक्शन घरी किंवा तयारी नसलेल्या जागी घ्यायचं नसतं, आणि नंतर अर्धा तास तिथेच बसायचं असतं. कधीकधी चेहरा लाल होणं, छातीवर दडपण, पाठ दुखणं असं सुरुवातीलाच होतं. सलाईन थांबवली की बहुतेक वेळा ते आपोआप ओसरतं आणि नंतर सावकाश पुन्हा देता येतं. ताप किंवा जंतुसंसर्ग चालू असताना, आणि गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत, हे देत नाहीत. कार्बॉक्सीमाल्टोजनं रक्तातलं फॉस्फेट खाली येतं. एखाद्या डोसनं सहसा जाणवत नाही, पण वारंवार घेणाऱ्यांत थकवा आणि हाडं दुखणं वाढलं तर ते तपासावं.

एक गोष्ट मात्र रुग्णानंच पाहायची. सुई लावलेल्या जागी जळजळ झाली, सूज आली, तर "थोडं सोसू" म्हणून गप्प बसू नका, लगेच नर्सताईंना हाक मारा. लोह शिरेबाहेर झिरपलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो, आणि तो महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं जात नाही.

मावशीला शेवटी रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या. ऑपरेशन नीट झालं. पण कणगी रिकामीच होती, आणि चार महिने तिला भाजी चिरताना मध्ये बसावं लागे. नंतर तिला दोन वेळा लोहाची सलाईन दिली. त्यानंतर लगेच कुणीतरी फेरिटिन करायला सांगितलं आणि आकडा 600 च्या वर आला, घरात पुन्हा घबराट. ताज्या डोसनंतर काही आठवडे फेरिटिन असंच फुगलेलं दिसतं. हिमोग्लोबिन चार आठवड्यांनी पाहायचं, फेरिटिन दोन-तीन महिन्यांनी. आता तिच्या फाईलच्या पहिल्याच पानावर मी एक चिठ्ठी चिकटवली आहे. कुठलं लोह दिलं, किती मिलिग्रॅम, कोणत्या तारखेला, आणि पुढचं फेरिटिन कधी करायचं. गोल केलेला तो जुना रिपोर्ट तिच्या मागेच लावला आहे.